मधल्या सुट्टीतील ३८ सेकंद

दिवसाढवळ्या एखादे घुबड उघड्यावर सापडले म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आधी एकच कावळा त्याला पाहतो आणि ओरडू लागतो. दोन-तीन मिनिटांत आसपासचे दहा-पंधरा कावळे गोळा होतात. एखादा वरून झेप घेतो, एखादा मागून येऊन टोचतो. बाकीचे नुसतेच फांद्यांवर बसून कलकलाट करतात. मोठ्या जातीचे घुबड रात्री झोपलेल्या कावळ्याला सहज उचलून नेऊ शकते. पण दिवसा, या गर्दीपुढे, त्याचे काही चालत नाही. शेवटी ते बिचारे ती जागा सोडून जाते. कोतवाल पक्षी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या घारीच्या पाठी लागतो, तोही याच जातीचा प्रकार.

पशुपक्ष्यांच्या वागणुकीचा आयुष्यभर अभ्यास करणारे आणि त्यासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कॉन्राड लॉरेन्झ यांनी पक्ष्यांच्या या घेराव घालण्याबद्दल लिहिले होते. स्वीडनमधील एक डॉक्टर, पेटर-पाउल हाइनेमान, यांनी त्यांच्याकडून तो शब्द उचलला, आणि १९७२ मध्ये एक पुस्तक लिहून तो चक्क माणसांच्या मुलांना लावला! शाळेच्या आवारात एका मुलाला मध्ये घेऊन पाच-दहा मुले त्याची टर उडवतात, त्याची टोपी फेकतात, त्याला ढकलतात. हाइनेमान यांना हे दृश्य पक्ष्यांच्या घेरासारखे वाटले.

उपमा छान आहे. पण तुम्ही जरा विचार केलात तर तिच्यातली खोट तुमच्या लक्षात येईल. कावळे ज्याला घेरतात तो त्यांचा खराखुरा वैरी असतो. तो टळला नाही तर पिल्लांच्या जिवाला धोका. मैदानावर मध्ये सापडलेल्या मुलापासून कोणाला कसला धोका असतो? बहुतेक वेळा तो त्या सर्वांत दुबळाच असतो.

दुसरी खोट डान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने दाखवली. ओल्वेयस (१९३१-२०२०) जन्माने स्वीडिश, पण त्यांचे बहुतेक काम नॉर्वेमधील बर्गेन शहरात झाले. १९७० च्या सुमारास त्यांनी स्वीडनमधील शाळकरी मुलग्यांचा अभ्यास सुरू केला आणि १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. गंमत अशी की त्यांच्याही पुस्तकाच्या नावात पक्षी आहेच. ‘टोचून टोचून हैराण केलेले कोंबडीचे पिल्लू’ अशा अर्थाचा स्वीडिश भाषेतला शब्द त्यांनी छळ सोसणाऱ्या मुलासाठी वापरला. ओल्वेयस यांचे म्हणणे असे, की जमावाकडे बोट दाखवून मोकळे होऊ नका. जमाव म्हणजे सगळे सारखे नव्हेत. पुढाकार घेणारे एक-दोघेच असतात, ते वर्षानुवर्षे तेच असतात, आणि त्यांचे लक्ष्यही फारसे बदलत नाही.

मग बाकीचे काय करीत असतात? हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचे उत्तर मिळायला आणखी वीस वर्षे लागली.

चेष्टा आणि छळ

तुम्ही म्हणाल, “अहो, थोडी थट्टामस्करी चालायचीच. मित्रांमध्ये एवढेही नको का?” जरूर असावी. ज्या वर्गात कोणीच कोणाची खोडी काढीत नाही तो वर्ग कसला! पण चेष्टा कोठे संपते आणि छळ कोठे सुरू होतो, हे ठरवण्याच्या तीन खुणा ओल्वेयस यांनी सांगितल्या, आणि जगभरचे संशोधक आजही त्याच वापरतात. एक, दुखवण्याचा हेतू. दुसरी, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडणे. आणि तिसरी, जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे बळाचा असमतोल. बळ म्हणजे दंडाची ताकदच असे नव्हे. एकीकडे चौघे आणि दुसरीकडे एकटा, हा असमतोलच. वर्गातली सर्वांची लाडकी मुलगी आणि मागच्याच आठवड्यात दुसऱ्या गावाहून आलेली मुलगी, हाही असमतोलच.

दोन तुल्यबळ मुले मैदानावर कचाकचा भांडली तर ते भांडण. उद्या त्यांची गट्टी होईल. पण एखाद्याला रोज त्याच्या रंगावरून, चालण्यावरून, बोबडेपणावरून, जातीवरून हाक मारली जाते, त्याचा डबा रोज कोणीतरी उघडतो, किंवा सगळ्या मुलींनी ठरवून एकीशी कट्टी घेतली आहे आणि ती का, हे तिला कोणी सांगतही नाही, तेव्हा त्याला मस्करी म्हणता येत नाही. मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

या म्हणीतला दुसरा भाग नॉर्वेमध्ये दुर्दैवाने अक्षरशः खरा ठरला. १९८२ च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागातील तीन मुलांनी आपले जीवन संपवल्याचे वर्तमानपत्रांत आले. मुले १० ते १४ वर्षांची होती आणि तिघांनीही बरोबरीच्या मुलांचा छळ सोसलेला होता. सारा देश हादरला. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, सरकारने देशभर मोहीम काढली आणि सुमारे १ लाख ३० हजार विद्यार्थ्यांकडून नाव न लिहिता प्रश्नावल्या भरून घेतल्या. ओल्वेयस यांनी हिशेब मांडला: शंभरांतील सुमारे ९ मुले छळ सोसत होती आणि सुमारे ७ मुले तो करीत होती.

त्या काळी लोकांच्या मनात काही पक्क्या समजुती होत्या. पैकी एक अशी, की चष्मा लावणारी, लठ्ठ, तांबड्या केसांची किंवा वेगळी बोली बोलणारी मुलेच छळाला बळी पडतात. म्हणजे दोष जणू चष्म्याचाच! ओल्वेयस यांनी आपल्या स्वीडनमधल्या अभ्यासात हे तपासून पाहिले. शिक्षकांना विचारले तर चारांतल्या तीन मुलग्यांमध्ये काही ना काही ‘वेगळेपण’ निघाले. छळ सोसणाऱ्यांत ते इतरांपेक्षा जास्त नव्हते. फरक एकाच बाबतीत दिसला, तो म्हणजे अंगातली ताकद कमी. चष्मा हे चिडवण्याचे निमित्त होते, कारण नव्हते. चष्मा नसता तर दुसरे काहीतरी शोधले गेले असते. मला तर वाटते की हा साधा निष्कर्ष प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा. कारण छळ सोसणारे मूल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हाच विचार करीत असते: ‘माझ्यात असे काय वाईट आहे?’

न लागलेला मार

‘नुसते शब्दच तर आहेत, अंगाला थोडेच चिकटतात,’ असे मोठी माणसे म्हणतात. खरोखर चिकटत नाहीत का? याचा शोध घेणारा एक प्रयोग एका बागेत सुचला. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ आपल्या कुत्र्याला घेऊन बागेत बसले होते. जवळच दोन अनोळखी माणसे फेकायची तबकडी एकमेकांकडे फेकत होती. तबकडी चुकून यांच्याकडे आली, यांनी ती परत फेकली, आणि त्या दोघांनी यांनाही खेळात घेतले. थोड्या वेळाने, काही कारण नसताना, त्यांनी यांच्याकडे फेकणे बंद केले. बस्स, एवढेच! अनोळखी माणसे, पुन्हा कधी न भेटणारी. तरी विल्यम्स यांना मनातून फार वाईट वाटले. इतके की आपल्याला एवढे का लागावे, याचेच त्यांना कुतूहल वाटू लागले.

पुढे त्यांनी संगणकावर चेंडूफेकीचा एक खेळ तयार केला. पडद्यावर तिघे जण चेंडू फेकतात, त्यांपैकी एक तुम्ही. सुरुवातीला चेंडू तुमच्याकडे येतो, मग येईनासा होतो. बाकीचे दोघे खरे तर माणसे नसतातच, संगणकच फेकत असतो. दोन-चार मिनिटांचा हा पोरखेळ, पण माणसाचा चेहरा पडतो, आपण नकोसे आहोत असे त्याला वाटू लागते. याहून नवल म्हणजे ‘समोर माणसे नाहीत, नुसते यंत्र आहे’ असे आधीच सांगितले तरी वाईट वाटायचे ते वाटतेच!

२००३ मध्ये अमेरिकेत नेओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून हाच खेळ खेळायला लावला. चेंडू येईनासा झाला तेव्हा मेंदूच्या आतल्या बाजूच्या एका घडीतील हालचाल वाढली, आणि अंगाला इजा झाल्यावर होणाऱ्या त्रासाशी ज्या भागांचा संबंध लागतो त्यांपैकीच तो एक भाग होता. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले: मनाचे दुखणे आणि शरीराचे दुखणे एकच! येथे आपण थोडे सावध राहू या. मेंदूचा हा भाग आणखी कितीतरी कामांत भाग घेतो, अनपेक्षित काही घडले तरी जागा होतो. म्हणून दोन्ही दुखणी एकच असे म्हणायला पुरावा अपुरा आहे, असे इतर शास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिले. परंतु टाकून दिल्याचे दुःख म्हणजे नुसते मनाचे खेळ, असेही आता कोणी म्हणू शकत नाही.

आणि तुमच्या वयाचे काय? लंडनमध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते १५ वर्षांच्या मुली आणि मोठ्या स्त्रिया यांना तोच खेळ देण्यात आला. खेळातून वगळल्यावर वाईट दोघींनाही वाटले, पण मुलींचे मन कितीतरी अधिक खाली गेले. याचे कारण समजणे अवघड नाही. दहा-अकराव्या वर्षापर्यंत आपल्या जगाचा मध्य घर असतो. कुमारवयात तो हळूहळू मित्रमैत्रिणींकडे सरकतो. मित्रांच्या मताला या वयात जो भाव येतो तो पुढे कधीच येत नाही. ज्या वयात बरोबरीच्या मुलांचा शब्द सर्वांत जड, त्याच वयात त्यांचा छळही सर्वांत जड.

आता एक शंका राहते. कदाचित काही मुले जन्मतःच हळवी असतील, आणि हळवी असल्यामुळेच छळाला बळी पडत असतील. मग त्यांचे दुःख छळामुळे की स्वभावामुळे? हे कसे वेगळे करायचे? संशोधकांनी एक नामी युक्ती केली. त्यांनी एकसारखी जुळी मुले घेतली. जनुके तीच, घर तेच, आईबाप तेच. पण एकाचा छळ झालेला आणि दुसऱ्याचा नाही, अशा १२ वर्षांच्या जुळ्यांच्या ३० जोड्या ब्रिटनमध्ये त्यांना मिळाल्या. या मुलांना मनावर थोडे दडपण येईल अशी कामे दिली आणि मधून मधून त्यांच्या लाळेचे नमुने घेतले. दडपण आले की आपल्या मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. संकटाला तोंड द्यायला शरीर तयार करण्याचे त्याचे काम. लाळेतही ते मोजता येते.

छळ न झालेल्या जुळ्याचे कॉर्टिसोल अपेक्षेप्रमाणे वाढले. छळ झालेल्याचे वाढलेच नाही! जणू रोज रोज वाजवून त्या शरीराची धोक्याची घंटा बोथट झाली होती. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जोड्या थोड्या आहेत हे खरे. पण एकाच साच्यातली दोन मुले, आणि एकाचे शरीर वेगळे वागू लागलेले. ‘स्वभावच तसा’ म्हणणाऱ्याला एवढे पुरे आहे.

दिसणारी लक्षणे

शरीराच्या आत असे घडत असताना बाहेर काय दिसते? सोमवारी सकाळी पोटात दुखते आणि दहा वाजून गेले की थांबते. ते ढोंग नसते बरे का, पोट खरोखर दुखते. झोप नीट लागत नाही. मधल्या सुट्टीत मूल वर्गातच बसून राहते किंवा ग्रंथालयात जाऊन उभे राहते. घरी जायचा जवळचा रस्ता सोडून लांबचा धरते. पेन, कंपास, डबा वारंवार ‘हरवतो’. जो धडा काल पाठ होता तो आज आठवत नाही, कारण तास चालू असताना त्याचे सारे लक्ष मागच्या बाकाकडे लागलेले असते. गुण घसरले की घरी बोलणी बसतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

पण सगळीच मुले गप्प होतात असे नाही. काही चिडखोर होतात, घरी येऊन धाकट्या भावंडावर हात उगारतात, किंवा शाळेत आपल्याहून दुबळा शोधून त्याला सतावू लागतात. मोठ्या माणसांना दिसतो तो त्यांचा हा दांडगेपणाच. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात १,४२० मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासात, २०१३ मध्ये, असे आढळले की छळ सोसणारी आणि स्वतःही छळ करणारी अशी जी मुले होती, त्यांची मनःस्थिती तरुणपणी सर्वांत वाईट होती.

हे सारे शाळेबरोबरच संपते का? ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्च महिन्यात एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांची नोंद करून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याची एक मोठी योजना आहे. ही मुले ७ आणि ११ वर्षांची असताना त्यांच्या आईवडिलांना विचारले होते, ‘इतर मुले याला सतावतात का?’ ही मुले पन्नाशीची झाली, केस पांढरे झाले, आणि मग २०१४ मध्ये संशोधकांनी ती जुनी उत्तरे काढून ताळा पाहिला. लहानपणी वारंवार छळ सोसलेल्यांमध्ये खिन्नता, अकारण धास्ती यांचे प्रमाण चाळीस वर्षांनंतरही जास्त निघाले, जवळची माणसेही कमी निघाली. यावरून ‘माझे आयुष्य वाया गेले’ असे कोणी समजू नये. हे सरासरीचे गणित आहे. अशीच मुले मोठी होऊन आनंदाने संसार करतात, नाव काढतात, हेही त्याच यादीत आहे.

आणि छळ करणाऱ्याचे? तोही सुटत नाही. ओल्वेयस यांनी ज्या स्वीडिश मुलग्यांना शाळेत दादागिरी करताना पाहिले होते, त्यांचा पुढचा पत्ता लावला. वयाच्या २४ व्या वर्षापर्यंत त्यांपैकी ३५ ते ४० टक्के जणांवर तीन किंवा अधिक गुन्हे शाबीत झाले होते. दादागिरी न करणाऱ्यांत आणि न सोसणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते.

कॅमेऱ्याने काय पाहिले

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. बाकीचे काय करीत असतात?

प्रश्नावल्यांतून हे कळणे कठीण. ‘तू बघत उभा होतास का?’ याला खरे उत्तर कोण देईल? १९९० नंतरच्या काळात कॅनडातील टोरांटो येथे डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांनी वेगळा मार्ग काढला. शाळेची आणि पालकांची परवानगी घेऊन त्यांनी मुलांच्या कपड्यांवर छोटे बिनतारी ध्वनिग्राहक लावले आणि दुरून, इमारतीतून, मैदानाचे चित्रण केले. मुले थोड्याच वेळात ते विसरली आणि नेहमीप्रमाणे वागू लागली. मग संशोधक त्या फिती पुन्हा पुन्हा पाहत बसले.

मैदानावर सुमारे दर सात मिनिटांनी छळाचा एक प्रसंग घडत होता. एक प्रसंग सरासरी ३८ सेकंद चाले. शिक्षक किती वेळा मध्ये पडले? शंभरांतील सुमारे ४ वेळा. शिक्षकांना लगेच दोष देऊ नका. ३८ सेकंदांत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काय घडून गेले, हे त्यांना कळणार तरी कसे? पण मुलांना मात्र कळत होते. दहांपैकी आठ-नऊ प्रसंगांत इतर मुले हजर होती.

१९९९ मध्ये या संशोधकांनी अशा निवडक प्रसंगांचा बारकाईने हिशेब प्रसिद्ध केला. भोवती जमलेल्या मुलांचा ५४ टक्के वेळ नुसते बघत उभे राहण्यात गेला. २१ टक्के वेळ त्यांनी छळ करणाऱ्याला साथ दिली. २५ टक्के वेळ ती छळ सोसणाऱ्याच्या बाजूने काही बोलली किंवा वागली. आणि बघे जितके अधिक, तितका प्रसंग लांबे.

‘मी तर काहीच केले नाही, नुसता उभा होतो’ असे आपण म्हणतो, त्याचे हे मोजमाप आहे. जो छळ करतो त्याला काय हवे असते? मारून कोणाला पोट भरत नाही. त्याला दरारा हवा असतो, आणि दरारा दाखवायला बघणारे लागतात. मध्ये उभ्या असलेल्या मुलाला तर कडेच्या प्रत्येकाचा चेहरा दिसत असतो. त्याच्या दृष्टीने, जो हसत नाही पण हलतही नाही, तो तिकडचाच.

आणखी दोन वर्षांनी, २००१ मध्ये, त्यांनी दुसरी बाजू मोजली. एखादे मूल मध्ये पडले तर काय होते? असे क्वचितच घडत होते, पाच प्रसंगांत जेमतेम एकदा. पण घडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, ५७ टक्के वेळा, छळ थांबला. आणि किती वेळात? दहा सेकंदांच्या आत!

येथे घाईने कोणी शूरवीर होऊ नका. मध्ये पडणे म्हणजे मारामारी करणे नव्हे. अशाने भांडण तुमच्या अंगावर येते आणि मूळ प्रसंग बाजूला राहतो. “पुरे झाले रे, सोड त्याला” एवढेच दोघा-तिघांनी मिळून म्हणावे. किंवा मध्ये उभ्या असलेल्यालाच हाक मारावी, “ये रे, तुला सरांनी बोलावलंय,” आणि त्याला कड्याबाहेर काढावे. तेही जमत नसेल तर तेथून निघून जाऊन मोठ्या माणसाला सांगावे. याला चुगली म्हणत नाहीत. चुगली दुसऱ्याला अडचणीत घालण्यासाठी करतात. हे एकाला अडचणीतून काढण्यासाठी असते.

फिनलंडमधील क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी तर १९९६ मध्येच वर्गातील मुलांच्या भूमिका ओळखून काढल्या होत्या. छळ करणारा आणि सोसणारा यांच्याशिवाय हाताखाली काम करणारा मदतनीस, हसून टाळ्या पिटणारा, बाजूला सरकणारा आणि पाठीशी उभा राहणारा. तुमचा वर्ग डोळ्यांपुढे आणा, प्रत्येक भूमिकेला एक-एक नाव आपोआप सुचेल. कदाचित एखाद्या भूमिकेला स्वतःचेच. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे असेही दाखवले की बुजऱ्या, एकाकी मुलाचा छळ होण्याचा संभव सर्व वर्गांत सारखा नसतो. जेथे हसणारे अधिक तेथे तो वाढतो. जेथे पाठीशी उभे राहणारे अधिक तेथे घटतो. मूल तेच, बुजरेपणाही तोच. भोवतीचा वर्ग तेवढा वेगळा.

या पायावर तुर्कू विद्यापीठाने ‘किवा’ नावाचा कार्यक्रम तयार केला. फिनिश भाषेत किवा म्हणजे छान, आणि ‘छळाविरुद्ध’ या शब्दांतली अक्षरे घेऊनही तेच नाव बनते. त्यात बघ्या मुलांनाच हाताशी धरले जाते. २३४ शाळांत त्याची रीतसर परीक्षा झाली आणि छळ घटल्याचे दिसले. मात्र एक विचित्र गोष्टही पुढे आली. ज्या वर्गात बहुतेकांचा छळ थांबला, तेथे ज्या एक-दोघांचा थांबला नाही ती मुले पूर्वीपेक्षा अधिक खचली. सगळे सोसत असतात तेव्हा सोबत तरी असते. एकटाच उरलेला मात्र पुन्हा त्या जुन्या प्रश्नाकडे वळतो, ‘माझ्यातच काही वाईट असेल.’ काम अर्धे टाकून चालत नाही ते यासाठी.

ओल्वेयस यांनी १९८३ पासून बर्गेनच्या ४२ शाळांतील सुमारे २,५०० मुलांबरोबर जे केले, त्यातली प्रत्येक गोष्ट साधी होती. वर्गात मुलांनीच बसून नियम ठरवायचे: आम्ही कोणाला छळणार नाही, कोणी छळत असेल तर सोसणाऱ्याला मदत करू, जो एकटा पडतो त्याला खेळात घेऊ. दर आठवड्याला थोडा वेळ त्यावर बोलायचे. सुट्टीत शिक्षकांनी मैदानावर फिरायचे. छळणाऱ्याशी आणि त्याच्या पालकांशी न ओरडता पण ठामपणे बोलायचे. दोन वर्षांत छळाचे प्रसंग सुमारे निम्म्यावर आले.

आज मैदानाला भिंत राहिलेली नाही. शाळा सुटली तरी मोबाईलवरचा वर्गाचा गट चालूच असतो, आणि तेथे कड्यात किती जण उभे आहेत हे मध्ये सापडलेल्याला दिसतही नाही. मात्र पडद्यावर ज्यांचा छळ होतो त्यांपैकी बहुतेकांचा शाळेतही होत असतो, असे अभ्यास सांगतात. म्हणून सुरुवात शाळेपासूनच करावी लागते. तुमच्यापैकी कोणी हे सोसत असेल तर घरातल्या किंवा शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाला आजच सांगा. पहिल्याने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. मनावरचा भार बोलून दाखवण्यासाठी सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांकही सुरू केला आहे. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर क्षणाचाही उशीर करू नका, आणि एखाद्या मित्राने तसे बोलून दाखवले तर ते गुपित ठेवू नका.

शेवटी एक प्रयोग. एका मोठ्या कागदावर शाळेचा नकाशा काढा. वर्ग, जिना, पाण्याची टाकी, मुताऱ्या, सायकली ठेवण्याची जागा, मैदानाचे कोपरे, बसथांबा, सारे दाखवा. त्याच्या छोट्या प्रती काढून वर्गातील प्रत्येकाला द्या. जेथे नकोसे वाटते, भीती वाटते, तेथे प्रत्येकाने फुली मारावी. स्वतःचे नाव लिहायचे नाही, कोणाचेही नाव लिहायचे नाही. सर्व फुल्या मोठ्या नकाशावर उतरवा. त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतील, दोन-तीन ठिकाणी दाट होतील. कोणत्या वेळी तेथे कोणी मोठे माणूस नसते, हेही बाजूला टिपा. नकाशावर तारीख घाला आणि तो वर्गशिक्षकांना द्या. तीन महिन्यांनी तोच नकाशा कोऱ्या कागदावर पुन्हा भरून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून फुल्या मोजा.